रुंदीचा रकाना

धुळ्यात वीस वर्षं मी लोकांची मापं तपासतेय.
भाजीवालीचा किलो, पंपावरचे पाच लिटर,
कापडवाल्याचा मीटर, जो एरवी जरा आखडून असतो
आणि मला बघितलं की ताठ होतो.
खोटं वजन हातात घेताच तळहाताला कळतं.
तळपायाला कधी कुणी विचारलं नव्हतं.

सत्तेचाळीसाव्या वर्षी सायकल घेतली,
साखरेमुळे, आणि थोडी मुलगा हसला म्हणून.
आधी पहाटे पांझरेच्या पुलापर्यंत,
मग एक दिवस धीर करून लळिंगच्या घाटाला.
दम पुरला. पाय पुरले नाहीत.
वर पोचले तेव्हा करंगळ्या बधिर,
अंगठ्याच्या मुळाशी निखारा.
डॉक्टर म्हणाले, कुरूप झालंय.
हा शब्द मावशीनेही वापरला होता एकदा,
पण ती दोन्ही पायांबद्दल बोलत होती,
पाहुणे निघून गेल्यावर, दारातल्या
माझ्या ओल्या पावलांच्या ठशांकडे बघत.

आग्रा रोडच्या दुकानात बायकांची फळी
गुलाबी आणि निमुळती, माशांच्या टोपलीसारखी.
सहा नंबर चावला. सात चावला. आठात टाच पोहायला लागली
आणि पंजा तिथेच, दारात अडकलेल्या कपाटासारखा.
"नवा आहे मॅडम, वापरून सैल पडेल."
असं तराजूबद्दल कुणी बोललं असतं तर मी सील ठोकलं असतं.
खोक्यावर सगळं छापलेलं: किंमत, महिना,
आयात करणाऱ्याचा पत्ता.
कायद्याला लागतं तेवढं सगळं.
रुंदी कायद्याला लागत नाही,
आणि त्या कायद्याचा पगार मी खाते.

मग घरपोच मागवले. चार जोड आले, चार परत गेले.
कुरिअरचा हिलाल चौथा खोका उचलताना
माझ्या पायांकडे बघत राहिला, म्हणाला,
"तुमना पाय तं चांगला शेतस."

त्या रात्री कागदावर उभी राहिले,
पेन्सिल फिरवली, खात्याची पट्टी लावली.
डावा चोवीस पूर्णांक चार, रुंदी दहा नऊ.
उजवा चोवीस पूर्णांक दोन, रुंदी दहा सहा.
एकाच बाईचे पाय, आणि एवढी तफावत.
याहून कमीवर मी नोटिसा काढल्यात.

पाचवा जोड पुरुषांच्या फळीवरचा, काळा,
स्वतःला रुंद म्हणवणारा.
तो घेऊन गेले गल्ली नंबर पाचच्या तोंडाशी,
निंबाखाली बसणाऱ्या सुपडू अप्पाकडे.
अप्पाने बोटं आत घालून अंधारात चाचपलं,
कागदावरचे माझे पाय उलटेसुलटे पाहिले.
"पाय नही चुकना, ताई. साचा चुकना.
पावशेर हरभरा लई या."

पावशेर. बाद झालेलं माप,
माझ्यासमोर, भर रस्त्यात.
मी काही बोलले नाही. घरी जाऊन
दोनशे तेहेतीस ग्रॅम मोजून आणले.

त्याने फडक्याच्या पुरचुंड्या बांधल्या,
बुटांच्या तोंडाशी दाबून बसवल्या, वर तांब्याभर पाणी.
डाव्यात मूठभर जास्त. तो विसरला नव्हता.
रात्रभर गच्चीत बूट हळूहळू कुरकुरत होते,
कुणी मोठं माणूस झोपेत कूस बदलावं तसे.

रविवारी लळिंग. कपाशीचे ट्रक अंगावरून,
पहिलं वळण, दुसरं वळण,
तिसऱ्याला आठवलं की मला पाय आहेत.
उजवा अजून थोडा कुरकुरतो. कुरकुरू दे.

वर चहा घेताना टोकाशी काही टोचलं.
बूट काढून आपटला. एक हरभरा,
निसटून राहिलेला, मोड आलेला.
चहावाल्याने आधी तो पाहिला, मग बूट.
"कितीचा नंबर, ताई?"

आणि मी, वजनमापे निरीक्षक, धुळे,
त्याला खरंच सांगू शकले नाही.